एकच अक्षर, पाच डॉक्टर

१ सप्टेंबर १९३८. मुंबई बंदरातून चीनकडे निघालेल्या बोटीवर पाच भारतीय डॉक्टर होते. त्यांपैकी दोघे मराठी : सोलापूरचे सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोलकर. चोलकर हे पाचांत सर्वांत ज्येष्ठ आणि पथकाचे उपप्रमुख. पुढील काही महिन्यांत या पाचही जणांच्या नावांना एकच चिनी अक्षर जोडले गेले. आज मात्र महाराष्ट्राला त्या दोन मराठी माणसांपैकी एकच आठवतो.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोसांनी देशाला आवाहन केले, निधी उभा राहिला आणि पथक सिद्ध झाले. प्रमुख होते अलाहाबादचे मदनमोहन अटल, स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले. बंगालमधून बिजयकुमार बसू आणि देबेश मुखर्जी आले.

आता मूळ मुद्दा, नावांचा. चिनी लिपीत वर्णमाला नाही. परकीय नाव लिहायचे तर उच्चाराच्या जवळ जाणारी अक्षरे निवडावी लागतात. शिवाय चिनी नावात आधी आडनाव येते आणि मग एक-दोन अक्षरांचे व्यक्तिनाव. 'कोटणीस' सरळ उच्चारानुसार लिहिले तर चार अक्षरांचे लांबलचक, परके वाटणारे नाव होते. पथक चुंगकिंगला असताना प्राध्यापक तान युनशान यांनी यावर तोडगा काढला. हे तान म्हणजे शांतिनिकेतनातील चीनभवनाचे पहिले संचालक. त्यांनी प्रत्येक नाव आखडते घेतले आणि शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. चीन स्वतःला 'झोंगहुआ' म्हणतो. त्यातलेच हे अक्षर. त्याला तेज, वैभव असाही अर्थ आहे.

कोटणीस झाले के दिहुआ. बसू झाले बा सुहुआ. चोलकर जुओ केहुआ आणि मुखर्जी मु केहुआ. म्हणजे नागपूर आणि कलकत्ता येथील दोन डॉक्टरांचे व्यक्तिनाव अक्षरशः एक झाले, आडनाव तेवढे निराळे. (कोटणिसांच्या नावातला आरंभीचा 'के' मात्र वेगळा. अक्षरही वेगळे, सूरही वेगळा. देवनागरीत हा भेद दिसत नाही.)

अटल यांची गंमत याहून मोठी. ते झाले आय देहुआ. चिनी भाषेत 'एडवर्ड' हे इंग्रजी नावही याच तीन अक्षरांत लिहितात. इंग्लंडच्या सगळ्या एडवर्ड राजांचे चिनी नाव एका भारतीय काँग्रेसच्या डॉक्टराकडे आले! कोटणीस ज्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, त्याच्या रुग्णालयाचे नावही राजा एडवर्ड यांचेच : के. ई. एम.

अक्षर एक, पण वाटा लवकरच फुटल्या. दोन्ही 'केहुआ', चोलकर आणि मुखर्जी, १९३९ मध्येच मायदेशी परतले. अटल १९४० मध्ये आले. बसू १९४३ मध्ये परतले. पुढे त्यांनी भारतात ॲक्युपंक्चर रुजवले.

के दिहुआ परतलेच नाहीत. चुंगकिंगलाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली होती, तरी ते येनानकडे निघाले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले आणि त्याच भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहिण्यास त्यांनी हात घातला. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष अंगभर पसरून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात गुओ छिंगलान या परिचर्या शिकवीत. कोटणिसांनी त्यांच्याशी विवाह केला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला.

त्याचे नाव सेनापती नी रोंगचेन यांनी सुचवले : यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. दोन देश एका नावात बसवण्याची ही युक्ती जुनी होती. १९२४ मध्ये पेकिंगला रवींद्रनाथांचा वाढदिवस साजरा झाला, तेव्हा विद्वान ल्यांग छिचाओ यांनी त्यांना 'जू झेनदान' हे नाव दिले होते. भारताच्या प्राचीन चिनी नावातून आडनाव आणि चीनच्या प्राचीन नावातून व्यक्तिनाव. कवीच्या बाबतीत तो सत्कार होता. यिनहुआच्या बाबतीत ती वंशावळ होती. पित्याला उसने मिळालेले अक्षर पुत्राकडे जन्माने आले.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे बत्तीस, मूल साडेतीन महिन्यांचे. यिनहुआही वैद्यकच शिकला आणि १९६७ मध्ये ऐन पंचविशीत वारला. गुओ छिंगलान त्यानंतरही अनेकदा भारतात आल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने कोटणीस घराघरांत नेले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. चीनमध्ये ते शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहेत, बेथ्यूनही तेथेच. आणि त्याच शहरात के दिहुआ यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय चालते.

चोलकरांच्या वाट्याला यातले फारसे काही आले नाही. वास्तविक साठीच्या जवळ पोहोचलेल्या माणसाने बॉम्बहल्ल्यांच्या देशात जाणे हे सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या धाडसाहून उणे म्हणता येणार नाही. पण जे परतले त्यांच्यावर चित्रपट निघाले नाहीत. चिनी ग्रंथांत मात्र पथकाची नावे आजही एका ओळीतच येतात : आय देहुआ, जुओ केहुआ, के दिहुआ, बा सुहुआ, मु केहुआ. त्या ओळीत नागपूरचा मान दुसरा आहे.