खेळरचना, द्विमितीय संगणकीय
पडद्यावरील सपाट चित्रांच्या हालचालींवर आधारलेल्या संगणकीय खेळांची आज्ञावली रचणे. व्यवसाय म्हणून नव्हे, तर आवडीने असे खेळ रचणाऱ्यांची परंपरा १९६० नंतरच्या दशकापासून आढळते. तीत पाठ्यपुस्तकापेक्षा स्वतःच्या आज्ञावलीतील दोष शोधण्यातून अधिक शिक्षण झाले.

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्ये दोलनदर्शकावर टेनिसचा खेळ दाखविला. मात्र तो विद्युत् मंडलांच्या जोडणीवर चाले. १९६२ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. मूळ आज्ञावलीत ताऱ्यांचा नकाशा, गुरुत्वाकर्षण इत्यादींची भर सहकाऱ्यांनीच घातली. १९६४ मध्ये जॉन केमेनी व टॉमस कुर्ट्झ यांनी डार्टमथ महाविद्यालयात बेसिक ही सुलभ भाषा प्रचारात आणली. डेव्हिड आल यांनी संकलित केलेला, बेसिकमधील १०१ खेळांचा संग्रह १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.

पुढे घरगुती संगणक आल्यावर नियतकालिकांतही खेळांच्या आज्ञावली छापल्या जाऊ लागल्या. वाचक त्या ओळीने ओळ टंकित करीत. एखादे चिन्ह गळले तरी खेळ अडे व चूक शोधताना त्या ओळीचे कार्य उमगे. भारतात शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पाद्वारे १९८४-८५ पासून निवडक शाळांत बीबीसी संगणक पोहोचले. त्यांवरही बेसिक भाषा उपलब्ध होती.

खेळाची आज्ञावली एक आवर्तन सतत करते : खेळाडूची कृती वाचणे, वस्तूंची स्थाने बदलणे आणि चित्र नव्याने काढणे. नवशिक्यांचे नेहमीचे दोष याच टप्प्यांत उद्‌भवतात. पडद्यावरील उभे अंतर बहुधा वरून खाली मोजतात. त्यामुळे भूमितीच्या सवयीने लिहिलेली उडी खाली जाते. चेंडू एका आवर्तनात २० बिंदू सरकत असेल व भिंत ८ बिंदू जाड असेल, तर दोन स्थानांच्या मध्येच भिंत राहून चेंडू आरपार जाऊ शकतो. यावर लहान टप्पे घेणे किंवा संपूर्ण मार्ग तपासणे हा उपाय होय. वेग आवर्तनांच्या संख्येवर ठरविल्यास जलद संगणकावर खेळ अनावर होतो. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकाच्या ४·७७ मेगाहर्ट्‌झ गतीस जुळविलेल्या काही खेळांची पुढे हीच गत झाली. म्हणून वेगाला दोन आवर्तनांमधील प्रत्यक्ष काळाने गुणतात.

व्यावसायिक खेळही यास अपवाद नव्हते. तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) मध्ये शत्रू कमी होताच प्रक्रियकाचे काम हलके होऊन उरलेले शत्रू जलद हलत. यंत्राची ही मर्यादा त्यांनी खेळाचे आकर्षण म्हणून राहू दिली. ‘पॅक-मॅन’ (१९८०) मध्ये आठ अंकस्थानांचा गणक २५५ नंतर शून्यावर येतो व २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा भाग विस्कळित होतो.

पायगेम (२०००), स्क्रॅच (२००७) इ. साधनांमुळे चित्रे काढण्याचे व हलविण्याचे श्रम कमी झाले आहेत. मात्र दोष पुन्हा घडवून पाहणे, चलांची मूल्ये पडद्यावर छापणे आणि एका वेळी एकच बदल करणे, ही दोषशोधनाची रीत आजही कायम आहे.