अदिनांकित ज्योतिषपत्रें : ग्रहक्रम व ग्रहस्थिति यांवरून काल व स्थल यांचा निर्णय

जुन्या रुमालांत पंचांगांचीं सुटीं पानें, जन्मपत्रिका व गणिताचे कागद पुष्कळ वेळां मिळतात. परंतु त्यांवर शक नसला म्हणजे संग्राहक ते निरुपयोगी समजून बाजूस ठेवितात. वस्तुतः त्यांतील ग्रहांचा क्रम व स्थानें हींच त्यांचा काल आणि कधीं कधीं स्थलही सांगतात. गोंदियाच्या उदाहरणानें हें येथें दाखविण्याचा विचार आहे.

प्रथम क्रम पाहूं. पत्रिकेंत रवि, चंद्र, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि असे ग्रह येतात, हा वारांचा क्रम होय, आकाशांतील नव्हे. सिद्धांतग्रंथांत पृथ्वी मध्यें धरून वरून खालीं शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र अशा कक्षा मानिल्या आहेत. प्रत्येक होरेस क्रमानें एक स्वामी दिला असतां चोवीस होरांनंतर चौथा ग्रह येतो. म्हणून शनीनंतर रवि, रवीनंतर चंद्र, असा वारक्रम निघतो. तिसरा क्रम सूर्य मध्यें धरून होणारा : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरु, शनि, हर्षल, नेपच्यून. यांपैकीं हर्षलचा शोध इ. स. १७८१ त व नेपच्यूनचा १८४६ त लागला. तेव्हां शिवकालीन म्हणून पुढें केलेल्या पत्रिकेंत हर्षल मांडलेला असल्यास तो कागद अस्सल नव्हे, हें उघड आहे.

आतां स्थानें. शनि सुमारें २९॥ वर्षांनीं व गुरु सुमारें १२ वर्षांनीं त्याच राशीस येतो. म्हणून दोघांची जोडी सुमारें ५९ वर्षांनीं पुन्हां जुळते. एवढ्यावर थांबल्यास साठ वर्षांची चूक संभवते. ती राहु टाळतो; कारण तेवढ्या काळांत तो सुमारें दोन राशी मागें सरकलेला असतो. हे तिन्ही ग्रह मिळाले म्हणजे वर्ष, रवीवरून मास आणि चंद्रावरून दिवस ठरवितां येतो.

गणिताचा कागद याहून स्पष्ट बोलतो. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं ग्रहलाघवांत शक १४४२ (इ. स. १५२०) हा आरंभ धरून अकरा वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र कल्पिलें. कागदावर चक्र २३ असा आंकडा असेल, तर १४४२ त २५३ मिळवून शक १६९५ येतो. म्हणजे तें गणित शक १६९५ ते १७०५, अर्थात् इ. स. १७७३ ते १७८४, यांतील होय. त्या वेळीं गोंदियाचा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत होता. चक्राजवळ अहर्गणही दिला असल्यास दिवसही कळतो.

राहिलें स्थल. मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते. गोंदिया तिच्या पूर्वेस सुमारें ४ अंश २५ कला असल्यानें तेथील देशांतर ४४ पळें ऋण येतें; पुण्याचें सुमारें १९ पळें धन. दोहोंमध्यें चंद्राच्या स्थानांत सुमारें १४ कलांचें अंतर पडतें. देशांतरानें पूर्व-पश्चिम कळते. दक्षिणोत्तर पलभेवरून कळते. गोंदियाची पलभा सुमारें ४ अंगुळें ४३ व्यंगुळें, तर पुण्याची ४ अंगुळें १ व्यंगुळ. दोन्ही आंकडे एकाच कागदावर आढळले, तर तो कोणत्या भागांत तयार झाला हें बरेंच निश्चित होतें.

मात्र हा निर्णय गणिताचा आहे, लिखाणाचा नव्हे. जुन्या गणिताची नक्कल पुढें कोणीही करूं शकतो. म्हणून कागद, शाई व अक्षरवळण यांची साक्ष सोबत घ्यावी. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झाला. जुन्या कागदांत त्याचें नांव जिल्हा म्हणून शोधणें व्यर्थ होय. तेथें आंकडेच शोधावे लागतील. तेव्हां अशीं पानें हातीं आल्यास कडेचे बारीक आंकडेही नकलून घ्यावे, एवढीच संग्राहकांस विनंति आहे. नांव नसलेल्या कागदाचा पत्ता बहुधा त्यांतच असतो.