किती पौंडांचं धनुष्य?

‘शिवधनुष्य पेलणं’ हा वाक्प्रचार आपल्याकडे इतका रुळलाय, की ऑफिसात एखादं किचकट काम अंगावर आलं तरी तो सहज तोंडात येतो. त्यात एक जुना समज दडलाय: धनुष्य जितकं जड, तितका ते पेलणारा थोर. परदेशात शिकारीसाठी कंपाउंड धनुष्य घ्यायला गेलेला नवखा गडी ‘जास्तीत जास्त किती पौंडांचं मिळेल?’ असं विचारतो, तेव्हा त्याच्याही डोक्यात हाच समज असतो. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

आधी आकड्याचा अर्थ बघू. हे पौंड धनुष्याच्या वजनाचे नव्हेत. दोरी मागे खेचताना जास्तीत जास्त जेवढा जोर लागतो, ते ड्रॉ वेट. 60 पौंड म्हणजे साधारण 27 किलो उचलण्याइतका जोर.

हा जोर किती असावा हे पूर्वी दोन गोष्टींवर ठरायचं: समोर कोण आहे आणि किती लांब आहे. 1545 मध्ये बुडालेली ‘मेरी रोझ’ ही इंग्रजी युद्धनौका 1982 मध्ये समुद्रातून वर काढली गेली. तिच्यावर सापडलेल्या लाकडी धनुष्यांपैकी बहुतेकांचं ड्रॉ वेट 100 पौंडांच्या वर असावं, काहींचं तर 150 च्याही पुढे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शत्रू दूर, त्यातून अंगावर चिलखत घातलेला. तिथे हा जोर गरजेचा होता आणि त्यासाठी पोरवयापासून सराव करावा लागे.

आपल्या पालघरच्या डोंगरपट्ट्यात, डहाणू-जव्हारकडे, गणितच निराळं. इथल्या आदिवासींच्या तिरकमठ्यासमोर चिलखत नव्हतं. दाट झाडीत सावज दिसायचं तेच जवळून. तिथे दंडाच्या ताकदीइतकंच महत्त्व होतं पाचोळा न वाजवता जवळ जाण्याला, वारा ओळखण्याला. तिरकमठ्यावर पौंडांचा आकडा कुणी कोरत नसे. ज्याच्या हाताला जो झेपेल, तो त्याचा.

आकडा महत्त्वाचा झाला तो यंत्रामुळे. बोईसर-तारापूरला 1969 हे साल अणुवीज केंद्र सुरू झाल्याचं म्हणून ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन यांना कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे, तितका जोर जास्त; म्हणजे नेम धरायच्या नेमक्या क्षणी हात सर्वांत जास्त ताणलेला. कंपाउंडमध्ये दोन्ही टोकांना कॅम, म्हणजे मध्यापासून सरकवलेली चाकं असतात. जोर सुरुवातीला झपाट्याने वाढतो, मधे टिकून राहतो आणि शेवटी एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. 60 पौंडांच्या धनुष्यात 75 टक्के लेट-ऑफ असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात उरतात फक्त 15 पौंड.

इथेच फसगत होते. शेवटी हलकं लागतं म्हणून लोक 70 पौंडांवर हात टाकतात. पण तो मधला चढ पार करावाच लागतो. थंडीत तासन् तास बसून अंग आखडलेलं असतं, जनावर जवळ आलेलं असतं. अशा वेळी धनुष्य आभाळाकडे उचलून झटक्याने ओढावं लागलं, तर जनावर बुजतं किंवा बाण भलतीकडे लागतो. मग ते जखमी होऊन झाडीत तडफडत राहतं. म्हणून कसोटी सोपी आहे: खुर्चीत बसून, धनुष्य समोर धरून, सावकाश सरळ ओढता यायला हवं आणि अर्धा मिनिट न थरथरता धरता यायला हवं. नाही जमलं, तर पाच-दहा पौंड उतरा. फार हलकंही चालत नाही, कारण बाण खोल जायला हवा. म्हणूनच अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी किमान ड्रॉ वेट कायद्याने ठरलेलं आहे.

आपल्याकडे मात्र शिकारीसाठी हा प्रश्नच उरत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आणली आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचंही नाव घातलं. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे जंगलावरचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातून शिकारीचा हक्क वगळला. जनावरं वाचायला हवीत, हे खरंच. पण जंगल तुटलं ते तिरकमठ्याने नव्हे, हेही तितकंच खरं. वारली चित्रांतला शिकारी आज शहरातल्या दिवाणखान्यांत भिंतीवर टांगला जातो. त्याच्या हातातली विद्या चित्राबाहेर मात्र गुन्हा ठरते.

कंपाउंड धनुष्य आपल्याकडे खेळ म्हणून आलं आणि छान रुजलं. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली. नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले. या स्पर्धांत ड्रॉ वेटची मर्यादा 60 पौंड आहे, त्याहून जड धनुष्य आणताच येत नाही. जिंकतो तो जड धनुष्य ओढणारा नव्हे. शेवटच्या बाणापर्यंत ज्याचा हात पहिल्या बाणाइतकाच स्थिर राहतो, तो.