खेड्यातील शाळेचा कारभार

श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आली की तिचा पहिला मुक्काम आमच्या लोणंदास पडतो, हे ज्ञातिबांधवांस विदितच आहे. त्या सोहळ्याचा आम्हांस अभिमान आहे. तथापि लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या, आणि जोतीरावांचे मूळ गाव कटगुण हेही याच जिल्ह्यातले, याचे स्मरण आमच्या घरोघरी तितकेसे होत नाही.

१८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी निदान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, शेती व आरोग्य यांची तोंडओळख असावी, असे सुचविले. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच घ्यावेत, असा आग्रह धरला. आमच्या मते या शेवटच्या मागणीतच शाळेच्या कारभाराचे मर्म आहे. मुलांच्या घरी जाऊन ओसरीवर बसावयास जो मास्तर संकोचतो, त्याच्या पटावरील नावे पटावरच राहतात.

पुढे १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला व जिल्ह्याचे स्कूल बोर्ड अस्तित्वात आले. सुधारणा मोठी खरी. पण कायदा झाला म्हणून आडगावी शाळा उघडत नसते. ती उणीव कर्मवीर भाऊराव पाटील यांनी भरून काढली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून, १९३५ साली त्यांनी साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. जोतीरावांनी मागितलेला शेतकऱ्याघरचा शिक्षक अखेर घडू लागला! त्याच्या बळावर शाळा नसलेल्या गावी व्हॉलंटरी शाळा निघाल्या. जागा गावाने द्यावी, मग ते देऊळ असो की चावडी. शिक्षक संस्थेने पाठवावा. अनुदान सरकारने द्यावे, अशी ती घडी होती. अशा ५७८ शाळा उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर त्या स्कूल बोर्डाकडे सोपविल्या गेल्या, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन होऊन प्राथमिक शाळांचा भार त्यांच्याकडे आला.

या हस्तांतरास आम्ही दोष देत नाही. शिक्षकास नियमित वेतन व निवृत्तिवेतन मिळावयाचे तर दुसरा मार्ग नव्हता. परंतु कौले फुटली तर पूर्वी गाव शिडी लावीत असे. नंतर तेच गाव अर्ज लिहू लागले. 'आमची शाळा' म्हणता म्हणता आपण 'सरकारी शाळा' म्हणू लागलो, आणि ऐपत येताच आपली मुले तेथून काढली. यात आमच्या ज्ञातीतील सुशिक्षित घरे मागे नव्हती.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याची सोय केली आहे. या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीचे किमान तीनचतुर्थांश सभासद पालकच असावयाचे आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम. पण पालक म्हणून समितीवर बसावयास मूल त्या शाळेत असावे लागते, एवढी अट आहे. ज्या घरांनी मुले काढून नेली, त्यांना त्या बैठकीत जागा कोठून मिळणार?