ट्रेमधला बेडूक, कढीपत्त्यावरची अळी

ऐंशीच्या दशकात पार्ले, घाटकोपर, मुलुंडच्या कॉलेजांत बारावी विज्ञान केलेल्यांना जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल आठवतं ते क्लोरोफॉर्मच्या वासासकट. बेशुद्ध बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवायचा, चारही पाय टाचण्यांनी पक्के करायचे, चिमट्याने पोटाची कातडी उचलून कात्री चालवायची. तीन कप्प्यांचं हृदय त्यानंतरही काही वेळ धडधडत राही. मग जर्नलमध्ये पेन्सिलीने आकृती आणि खाली सरांची सही.

हे बेडूक पैदास केलेले नसत, पावसाळ्यात रानात आणि भातखाचरांत पकडलेले असत. तिथे ते पिकावरची कीड खात. बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा व्यापारही तेव्हा जोरात होता. शेतीचं नुकसान ध्यानात आल्यावर सरकारने 1987 मध्ये ती निर्यात बंद केली. कॉलेजांतले ट्रे मात्र बरीच वर्षं टिकले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांत ते पूर्ण थांबवलं.

प्राणी न कापता शिकवायचा कसा, याची तयारी मुंबईत आधीपासून चालू होती. 1974 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. महापालिकेच्या मराठी शाळांत काम करताना त्यांना दिसलं की मुलं अडतात ती बऱ्याचदा पुस्तकाच्या जड भाषेपाशी. त्यांनी भाषा सोपी केली, प्रयोग हाताशी आणले. पुढे याच केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी पुस्तकं तयार केली. त्यांत व्याख्येआधी निरीक्षण येतं: बघा, चित्र काढा, गट पाडा, मग बोला. 1981 पासून बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेनेही सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेपुढे प्रात्यक्षिक आणि प्रकल्पापर्यंत नेलं.

उपनगरांना तर निसर्गाची प्रयोगशाळा दाराशीच मिळाली आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत राष्ट्रीय उद्यान पसरलंय. गोरेगावला त्याला लागूनच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या सहली तिथे जातात.

पण सहल वर्षातून एकदाच निघते. वर्गात रोज बघता येईल असा प्राणी लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सापडतो. लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे खाणारे फसतात. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. काडीने हलकेच डिवचलं की डोक्यामागून दुभंगलेलं, उग्र वासाचं शिंग बाहेर काढते. भोकं पाडलेल्या झाकणाची बरणी, रोज ताजं पान आणि तारीखवार नोंदवही, एवढ्यावर मुलं कात टाकणं, कोश आणि पंख सुकवणारं फुलपाखरू बघतात. रूपांतरण, संरक्षण, अन्नसाखळी या तीन धड्यांना इथे जिवंत उदाहरण मिळतं. 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेल्या ‘ब्लू मॉर्मन’ची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते.

अडचणी आहेतच. तास 35 मिनिटांचा, वर्गात साठ मुलं आणि अळी कोशात जाणार ती रविवारी. शाळांच्या अंगणांत आता पेव्हर ब्लॉक बसलेत, झाड लावायला माती उरलेली नाही. म्हणून नव्या मॉडेल-तक्त्यांच्या खरेदीआधी प्रत्येक शाळेने खिडकीत कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवाव्यात आणि त्यांवर औषध फवारू नये.