पैनगंगेचे दोन काठ



मोझरीहून नागपूरच्या सडकेने पूर्वेला निघाले म्हणजे तिवशाच्या पुढे वर्धा नदी लागते. आज पुलावरून मोटार केव्हा पलीकडे गेली हे उतारूला कळतही नाही. परंतु स्वातंत्र्याच्या आरंभापर्यंत हे पाणी ओलांडणे म्हणजे जमिनीचा कायदा ओलांडणे होते. अलीकडच्या वऱ्हाडात कास्तकार सरकारचा खातेदार होता, आपला धारा आपण भरत होता. पलीकडे गावचा मालगुजार होता आणि रयत त्याचे कूळ होती. मालगुजारी गेली ती १९५१ मध्ये.

वऱ्हाडला आणखी एक अशीच नदी आहे, दक्षिणेची पैनगंगा. ती ओलांडली की नुसता जमिनीचा कायदा नव्हे, सबंध राज्यच बदलत असे. मला आज बोलायचे आहे ते या नदीच्या दोन काठांविषयी.

‘कोणत्या राज्यात राहणे बरे?’ हा प्रश्न माणूस फार पूर्वीपासून विचारत आला आहे. मुलगी देताना बाप विचारतो, दुकान मांडताना वाणी विचारतो, दुष्काळात बैल सोडून निघालेला शेतकरीही विचारतो. पण उत्तर देणे अवघड असते. कारण दोन राज्यांत माती वेगळी, माणसे वेगळी, भाषा वेगळी. मग गुण राज्याचा किती आणि मातीचा किती, हे कसे सांगावे? पैनगंगेच्या काठी ही अडचण पुष्कळशी नाहीशी होते. दोन्ही काठांवर तीच मराठी, तीच ज्वारी, तोच कापूस. नामदेवांचे नरसी निजामाच्या मुलखात होते आणि त्यांचे अभंग वऱ्हाडात गायिले जात. माहूरची रेणुका पलीकडे होती आणि तिचे नवस अलीकडे फेडले जात. वेगळे होते ते फक्त राज्य.

आणि गंमत अशी की, कागदोपत्री तेही वेगळे नव्हते.

ही गोष्ट मुळापासून सांगितली पाहिजे. अठराव्या शतकात वऱ्हाडात दोअमली होती, म्हणजे एका मुलखावर दोन धनी. निजामाचा अंमल होता आणि नागपूरकर भोसल्यांचाही. वसूल दोघांत वाटला जाई. रयतेच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की मागायला दोघे आणि राखायला नक्की कोण, हे ठरलेले नाही. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा बहुतेक मुलूख एकट्या निजामाकडे गेला. दोन धन्यांचा एक धनी झाला म्हणून सुख झाले असे मात्र नाही. हैदराबादचा खजिना कर्जात बुडालेला होता. सावकारांना पैशाच्या बदली परगण्यांचा वसूल लावून दिला जाई. पेस्तनजी नावाच्या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्याचे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर केले. त्याच पेढीकडे कर्जापोटी वऱ्हाडचा बराच वसूलही काही वर्षे होता. ज्याला कर्ज वसूल करायचे आहे, त्याच्या हाती धारा वसूल करण्याचा अधिकार आला म्हणजे काय होते, हे कास्तकाराला समजावून सांगायला नको.

पुढे २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रज कंपनीच्या ताब्यात दिले. कारण पुन्हा कर्जच. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणि खर्च निजामाच्या माथी, अशी ती व्यवस्था होती. तो खर्च थकला आणि तारण म्हणून वऱ्हाड गेले. धाराशिव आणि रायचूर दुआबही गेले होते. ते १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड मिळाले नाही. पहिल्या सालारजंगांनी ते परत मिळावे म्हणून जन्मभर खटपट केली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, त्याबद्दल दरसाल २५ लाख रुपये द्यायचे ठरले. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९३६ च्या कराराने निजामाचे स्वामित्व पुन्हा मान्य झाले. त्याच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. म्हणजे १८५३ पासून स्वातंत्र्यापर्यंत पैनगंगेच्या दोन्ही काठांचा नावाचा राजा एकच होता, कारभार मात्र दोन.

आता हे दोन कारभार रयतेच्या नजरेने पाहू.

पहिली गोष्ट पैशाची. अलीकडे इंग्रजी कलदार रुपया, पलीकडे हाली शिक्का. सुमारे सात हाली रुपये द्यावे तेव्हा सहा कलदार हाती येत. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. माल आत येवो की बाहेर जावो, जकात द्यावी लागे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आलेला होता. खामगाव आणि अमरावती यांची नावे लँकेशायरच्या गिरण्यांत माहीत झाली. खामगावला तर १८७० मध्ये खास फाटा काढण्यात आला. वऱ्हाडात जमिनीची मोजणी होऊन मुंबईच्या धर्तीवर तीस वर्षांचा धारा ठरला. पडीत जमिनी उठल्या, बाहेरून माणसे येऊन वसली. निजामाच्या मराठवाड्यात लोहमार्ग आला तो १९०० च्या सुमारास. पुढे त्याचा एक फाटा हिंगोलीपर्यंत येऊन थांबला. इकडे अकोला, तिकडे हिंगोली. मधला तुकडा जोडला गेला तो स्वातंत्र्यानंतर.

तिसरी गोष्ट शाळेची. हैदराबादच्या कचेऱ्यांत आधी फारसी आणि १८८० नंतरच्या दशकापासून उर्दू चालू झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, ते उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याबद्दल त्या विद्यापीठाला मान दिलाच पाहिजे. पण परभणी-नांदेडच्या मराठी मुलाला ती देशी भाषा परकीच होती. वऱ्हाडच्या मुलाला मराठी शाळा होती. अमरावतीस १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि डॉ. पंजाबराव देशमुखांच्या शिवाजी शिक्षण संस्थेने १९३२ पासून कुणब्याच्या पोराला हायस्कुलाचा उंबरठा दाखवला.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग निवाडा सोपा आहे. थांबा. तराजूचे दुसरे पारडेही पाहू.

वऱ्हाडच्या खातेदाराला जमिनीवर हक्क मिळाला, म्हणजे ती गहाण टाकण्याचा आणि विकण्याचाही हक्क मिळाला. कापसाचा भाव पडला की सावकाराची फिर्याद आणि कोर्टाचा हुकूमनामा तयार. जो कागद जमीन देतो तोच जमीन नेतो, हे वऱ्हाडने फार लवकर शिकून घेतले. १९३३ मध्ये कर्ज-तडजोडीचा कायदा करण्याची पाळी मध्यप्रांताच्या कौन्सिलावर आली, ती उगीच नव्हे. शिवाय वऱ्हाडच्या उत्पन्नातला पैसा मध्यप्रांतावर खर्च होतो, ही तक्रार १९०३ पासून कधी थांबली नाही. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे, वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हतेच. म्हणून वऱ्हाडच्या लोकांनी कौन्सिलासाठी माणूस निवडून दिला, तरी सरकारने त्याला नेमल्याशिवाय तो सभासद होत नसे. दोन धन्यांच्या मधली रयत दोघांचीही पुरती नसते.

हैदराबादकडेही जमेच्या बाजूला काही आहे. न्यायखाते आणि अंमलबजावणीखाते यांची फारकत तेथे १९२१ च्या सुमारास झाली. त्या वेळी इंग्रजी मुलखात काँग्रेस हीच मागणी वर्षानुवर्षे करीत होती. सालारजंगांच्या सुधारणांनी मराठवाड्याच्या खालसा भागातही मोजणी आणि रयतवारी आली. परंतु राज्याचा सुमारे एकतृतीयांश मुलूख जहागिरींचा आणि आणखी सुमारे एकदशांश सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगीचा. एका गावी कायदा आणि शेजारच्या गावी जहागीरदाराची मर्जी, असा तो संसार होता. तो मोडला १९४९ मध्ये.

आणि दुष्काळ? १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनी नदीचा काठ पाहिला नाही. १८९१ ची खानेसुमारी वऱ्हाडात सुमारे २९ लाख माणसे दाखवते. १९०१ ची साडेसत्तावीस लाख. हैदराबाद राज्यात याच दहा वर्षांत १ कोटी १५ लाखांचे १ कोटी ११ लाख झाले. शेकडेवारी काढली तर रेल्वे, तार आणि कापसाचा बाजार असलेले वऱ्हाडच अधिक घटले. बाजारासाठी पेरणाऱ्याच्या घरात धान्य नसते. संपन्न दिसणारे राज्य आणि जगवणारे राज्य यांत अंतर असते, हे या आकड्यांपुढे कबूल केले पाहिजे.

मग दोन काठांत खरा फरक कोणता? माझ्या मते तो धान्यात, पैशात किंवा आगगाडीतही नव्हे. तो तोंड उघडण्यात होता.

१८९७ मध्ये अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ जंगलचा कायदा उघड मोडला. दहीहंड्याला मीठ तयार झाले. त्यांना तुरुंग मिळाला, लाठीही मिळाली. इंग्रज काही दयाळू नव्हता. १९४२ मध्ये वर्धेपलीकडे आष्टीला काय घडले, हे या परिसराला सांगायला नको. परंतु सभा भरत होती, वर्तमानपत्र निघत होते, कौन्सिलात प्रश्न विचारला जात होता. पलीकडे १९२० नंतरच्या दशकात ‘गस्ती’ नावाच्या फतव्यांनी परवानगीवाचून सभा भरवणे आणि खाजगी शाळा काढणे दोन्ही बंद केले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरायला १९३७ साल उजाडावे लागले. दुसऱ्याच वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच बेकायदा ठरली. त्याच १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. त्यांतला एक, पी. व्ही. नरसिंह राव, पुढे भारताचा पंतप्रधान झाला. १९४७-४८ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या सैनिकांनी सरहद्दीवर केंद्रे उघडली, त्यांतले एक आपल्या वऱ्हाडातल्या उमरखेडला. पळून यायला जवळ दुसरा काठ असणे, हे त्या वेळी मराठवाड्याचे मोठे भांडवल होते. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला दोन्ही काठ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात एकत्र आले.

सरहद्द गेली तरी तुलना गेली नाही. २०१८ मध्ये तेलंगणाने शेतकऱ्याला एकरी रोख मदत देण्याची योजना सुरू केली, तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद-बिलोलीकडच्या काही गावांनी, आम्हाला सोयी द्या, नाहीतर तेलंगणात जाऊ द्या, असे सांगितले. काहींना त्यात द्रोह दिसला. मला त्यात पैनगंगेच्या काठचा जुना शहाणपणा दिसतो. त्या गावांना आज हे उघडपणे बोलता येते, वर्तमानपत्रात छापून येते, त्यावर मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. त्यांच्या आजोबांना हे करता आले नव्हते.

म्हणून कोणत्या राज्यात राहणे बरे, असे कोणी विचारले तर मी धारा किती, सडक कशी, मदत किती हे अवश्य पाहायला सांगेन. पण शेवटी एक प्रश्न विचारायला सांगेन. तेथे गावातल्या साध्या माणसाला कारभाराचा हिशेब मागता येतो काय? मागितल्यावर तो गावातच राहू शकतो, की त्याला नदी ओलांडावी लागते? दोअमलीपासून आजपर्यंत वऱ्हाडने पुष्कळ धनी पाहिले. आता धनी आपणच आहोत. तेव्हा हिशेब मागणे हा नुसता हक्क राहिलेला नाही, ते आपले काम झाले आहे. आणि यवतमाळच्या कापसाच्या शेतात ज्या घरांतला कर्ता माणूस कर्जापायी गेला, त्या घरांसाठी ते काम अजून पुरे झालेले नाही.