वनौषधि दांतांपाशीं टिकावी कशी?

निंबाच्या काडीनें दांत घासावे, हें आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलों आहों. या साध्या उपदेशांत एक बिकट प्रश्न दडलेला आहे. वनस्पतींतील गुण दांतांपर्यंत पोंचवावयाचा कसा, आणि तेथें टिकवावयाचा कसा? कारण तोंडांतील लाळ अन्नाप्रमाणेंच औषधहि धुऊन नेते.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत या प्रश्नाचें जुनें उत्तर सांपडतें. दंतकाष्ठ १२ अंगुळें लांब, करंगळीएवढें जाड व सरळ असावें. कडवटांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह व तिखटांत करंज श्रेष्ठ. टोंक चावून कुंचला केला कीं रस आणि घासणी हीं दोन्ही एकदमच मिळत. इ. स. ६७१ मध्यें चीनमधून निघालेल्या इत्सिंग या प्रवाशानेंहि भारतीय भिक्षूंच्या या नित्यकर्माचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें आहे.

तथापि कीड लागते कशी, हें उमगण्यास फार काळ जावा लागला. १८९० मध्यें मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, तोंडांतील जंतु साखरेचें आम्ल बनवितात व तें आम्ल दांतांतील खनिज विरघळवितें. लवंगेच्या तेलांतील युजेनॉल ठणका शमवितें, परंतु पोखरलेला भाग पुन्हा भरून आणीत नाहीं. तेव्हां खरा उपाय आम्ल निर्माण होण्यापूर्वींच करावयास हवा.

१९७२ ते १९७४ या काळांत फिनलंडमधील तुर्कू शहरीं शाइनिन व मॅकिनेन यांनीं असा प्रयोग केला. बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाच्या जातीचें झाड. त्याच्या लांकडापासून झायलिटॉल नांवाचा गोड पदार्थ तयार करतां येतो. कीड लावणारे जंतु त्याचें आम्ल करूं शकत नाहींत. साखरेऐवजीं तो खाणाऱ्यांच्या दांतांस नवी कीड फारच कमी लागली. पुढें तो चघळावयाच्या गोंदांतून देण्यांत येऊं लागला. चघळल्यानें तो तोंडांत अधिक वेळ राहतो, शिवाय लाळ वाढून आम्ल सौम्य होतें. औषध धुऊन नेणारी लाळच येथें औषधाची सोबतीण झाली!

अर्थात् फ्लुओराइडयुक्त दंतलेपाची जागा काडी किंवा गोंद घेऊं शकत नाहीं. त्याविषयींचा पुरावा अधिक भक्कम आहे. मात्र झाडांत गुण आहे एवढ्यानें भागत नाहीं, तो दांतांपाशीं कांहीं काळ थांबला पाहिजे, हें या इतिहासाचें सार होय. काडी चावावयास सांगणाऱ्यांनीं थांबविण्याची ती युक्ति फार पूर्वींच योजिली होती.